मूळ गावाचे नाव हाती येईपर्यंत जर्मनीकडे वळू नये

प्रश्न : माझ्या मुलीचे सासर अमेरिकेतील नेब्रास्का राज्याच्या ग्रामीण भागात आहे. जावयांचे खापरपणजोबा १८८०च्या सुमारास जर्मनीतून येऊन तेथे शेती करू लागले. १९००च्या जनगणनेत त्यांचे जन्मस्थान केवळ ‘जर्मनी’ असे नोंदले आहे आणि हॅम्बुर्ग बंदराच्या प्रवासी याद्यांत त्या नावाची अनेक माणसे आढळतात. न्यूयॉर्कजवळच्या एलिस आयलंड या स्थलांतरितांच्या तपासणी केंद्रावर अधिकाऱ्यांनी आडनाव बदलले, असे त्या घरात सांगतात. नातवासाठी ही वंशावळ पूर्ण करायची आहे. पुढे काय करावे? — एक वाचक, पुणे

उत्तर : हॅम्बुर्गच्या याद्या तूर्त बाजूला ठेवाव्यात. असंख्य जर्मन कुटुंबे ब्रेमेन बंदरातून निघाली आणि तेथील त्या काळच्या बहुतेक याद्या नष्ट झाल्या आहेत. त्यामुळे हॅम्बुर्गच्या यादीतील जुळणारे नाव आपल्याच माणसाचे आहे, असे गृहीत धरणे धोक्याचे ठरेल. एलिस आयलंडचे केंद्र तर १८९२ मध्ये सुरू झाले. १८८०च्या सुमारास न्यूयॉर्कला उतरणारे स्थलांतरित कॅसल गार्डन या जुन्या केंद्रातून जात, आणि आडनावे बदलत ती बहुधा नंतर, वस्ती केल्यावर.

त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांकडे वंशाची नोंद पाहायची तर आडनावाबरोबर मूळ गावही सांगावे लागते. जर्मनीतही तेच आहे. प्रशिया या जर्मनीतील सर्वांत मोठ्या राज्यात जन्म-मृत्यूची सरकारी नोंदणी १८७४ मध्ये आणि संपूर्ण जर्मन साम्राज्यात १८७६ मध्ये सुरू झाली. त्याआधी जन्मलेल्या माणसाची नोंद बहुतांश प्रदेशांत त्या त्या गावच्या चर्चच्या वहीतच मिळते. ते गाव अमेरिकेतल्याच कागदांतून शोधायचे आहे.

सर्वप्रथम जमिनीची फाइल मागवावी. १८६२च्या होमस्टेड कायद्यानुसार पाच वर्षे राहून जमीन कसणाऱ्याला १६० एकर सरकारी जमीन मिळे, आणि परदेशातून आलेल्या अर्जदाराला नागरिक होण्याचा इरादा तरी जाहीर केलेला असावा लागे. या फायली वॉशिंग्टनच्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये आहेत. घर किती लांब-रुंद होते, विहीर खणली होती का, किती एकर नांगराखाली आली, हे सारे त्यात शपथेवर सांगितलेले असते, आणि जोडीला नागरिकत्वाच्या कागदांची नक्कलही असते. त्या नकलेत गावाचे नाव क्वचितच असते, हे खरे. पण साक्षीदार म्हणून जे शेजारी उभे राहिले त्यांची नावे मला सर्वांत मोलाची वाटतात. एकाच जर्मन गावातली माणसे एकामागून एक येऊन अमेरिकेत शेजारी-शेजारी वसत, म्हणून साक्षीदाराचे मूळ गाव कळले, तर तेच आपलेही असण्याची शक्यता असते. जमीन रेल्वे कंपनीकडून विकत घेतलेली असेल, तर मात्र ही फाइल नसेल. तेव्हा कौंटीच्या कचेरीतील खरेदीखते पाहावीत. १८९०च्या जनगणनेचे बहुतेक कागद १९२१च्या आगीनंतर उरले नाहीत. नेब्रास्कात ती उणीव १८८५ची स्वतंत्र जनगणना काही अंशी भरून काढते.

गावाचे नाव मिळण्याचा खरा भरवसा मात्र त्यांच्या अमेरिकेतील चर्चवर ठेवावा. जर्मन पाळकांनी विवाहाच्या आणि दफनाच्या नोंदींत जन्मगाव लिहिल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत. कुटुंब मिसुरी सिनॉड या लुथरन चर्चसंघाचे असल्यास आणि ते चर्च बंद झाले असल्यास सेंट लुइसमधील कॉन्कॉर्डिया हिस्टॉरिकल इन्स्टिट्यूट या त्या संघाच्या अभिलेखागाराकडे विचारणा करावी. केवळ खापरपणजोबांची नोंद न मागता त्यांच्या पत्नीची, भावंडांची आणि मुलांच्या बाप्तिस्म्याच्या साक्षीदारांचीही मागावी. पत्र लिहिताना टंकलिखित उतारा नको, मूळ पानाचे छायाचित्र हवे, असे स्पष्ट कळवावे, कारण कुरेंट या जुन्या जर्मन लिपीत ई आणि एन ही अक्षरे इतकी सारखी दिसतात की गावाचे नाव सहज चुकीचे वाचले जाते.

नाव मिळाले की ते १९१२च्या सुमारास निघालेल्या मायरच्या जर्मन स्थलकोशात पाहावे. तो ऑनलाइन विनामूल्य उपलब्ध आहे. एकाच नावाची अनेक गावे निघाली, तर साक्षीदार शेजाऱ्यांची मूळ गावे नकाशावर मांडावीत आणि त्यांच्या सर्वांत जवळ पडणाऱ्या गावाच्या चर्चच्या वह्या आधी तपासाव्यात.