एजंट अडीच लाखांत ऑस्ट्रेलियाचा वर्किंग हॉलिडे व्हिसा 'पक्का' करून देतो म्हणतोय, देऊ का?

नका देऊ. तुम्ही लिहिलंय वय २७, बी.कॉम. झालंय, आणि एजंट म्हणतो 'आत ओळख आहे, नंबर लावतो'. इथे ओळखीचा काही उपयोगच नाही. भारतीयांना मिळतो तो सबक्लास (म्हणजे व्हिसाचा प्रकार) ४६२, वर्क अँड हॉलिडे. वर्षाला जागा १०००, आणि नावं कॉम्प्युटर चिठ्ठ्या टाकल्यासारखी काढतो. पहिली सोडत २०२४च्या ऑक्टोबरात उघडली. नोंदणीची फी २५ ऑस्ट्रेलियन डॉलर, म्हणजे दीडेक हजार रुपये. पासपोर्ट आणि पॅन कार्ड घेऊन घरी बसून फॉर्म भरता येतो. एका माणसाची एकच नोंदणी, त्यामुळे 'चार वेळा नाव टाकतो' हीही थापच.

माझं नाव पहिल्याच खेपेत लागलं, निव्वळ नशीब. खरी धावपळ त्यानंतरची. निवडीचा मेल आला की व्हिसाचा अर्ज करायला २८ दिवस मिळतात. तोवर पदवी (किंवा पदवीची दोन वर्षं झाल्याचा पुरावा), आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत सरासरी साडेचार आणि खात्यात ५००० ऑस्ट्रेलियन डॉलर, शिवाय परतीच्या तिकिटापुरते पैसे, हे सगळं हातात हवं. आयईएलटीएसची तारीख मेल आल्यावर शोधायला गेलात तर घाम फुटेल. मी आधीच देऊन ठेवली होती, तेवढं एक शहाणपण केलं. वयाची अट १८ ते ३०, मुलंबाळं सोबत नेता येत नाहीत.

व्हिसा १२ महिन्यांचा. एका मालकाकडे साधारणपणे सहाच महिने काम करता येतं, शिक्षण फार तर चार महिने. दुसऱ्या वर्षाचा व्हिसा हवा तर उत्तरेकडच्या किंवा दुर्गम भागात तीन महिने ठरावीक प्रकारचं काम करावं लागतं, शेती, बांधकाम, काही ठिकाणी हॉटेलांतलं. मी क्वीन्सलँडमधल्या बोवेनला टोमॅटो तोडले. वडील फोनवर म्हणाले, "घरची द्राक्षबाग सोडून तिकडं टोमॅटो तोडायला गेलास व्हय रे?" पहाटे डोक्याला दिवा लावून वाकायचं, दुपारपर्यंत कंबर जागेवर नसते.

तिथे मी फसलो तेही सांगतो. पहिले दोन आठवडे एका कंत्राटदाराने रोख पैसे दिले, पगाराची पावती नाहीच. दुसऱ्या व्हिसाला दाखवायला काही नाही, म्हणजे ते दिवस हिशेबात धरता येईनात. पुन्हा एकपासून मोजायला लागलो. पेस्लिप पहिल्याच आठवड्याला मागा. नाही म्हणाला तर दुसरीकडे जा.

आणि एजंटला पॅनचा फोटो पाठवून झाला असेल, तर त्याने नोंदणी केलीय का आणि कुठल्या ईमेलवर, ते आजच विचारा. निवडीचा मेल त्याच्याकडे जाणार आणि तुम्हाला तो कधी दाखवायचा, हे तोच ठरवणार.