एका वेशाला एकच प्रश्न

प्रिय दोस्त,

तुझं पत्र आणि ‘माझी स्टाइल’ शोधायला तू केलेल्या वेशाचे फोटो मिळाले. जुन्या पडद्याचा झगा, पुठ्ठ्याचा मुकुट, अर्धा निळा चेहरा, बोटभर लांब पापण्या, दोन हातांत दोन वेगळे मोजे आणि गळ्यात बटणांची माळ. यातलं बहुतेक सगळं तुझ्या हातचं आहे, म्हणून फोटो पुन्हा पुन्हा पाहिले. पण तू विचारलं आहेस, ‘यातलं माझं काय आणि उगाच चिकटवलेलं काय, हे ओळखायचं कसं?’ या फोटोंतून ते ओळखता येणार नाही. एका दमात सहा गोष्टी बदलल्या की कुठल्या गोष्टीने काय केलं याचा पत्ता लागत नाही.

म्हणून माझं एकच सांगणं आहे. एका वेशाला एकच प्रश्न विचार. खांदे वीतभर रुंद झाले तर माझी चाल बदलते का? भुवया झाकल्या तर चेहरा शांत दिसतो की रागीट? गळा मोकळा ठेवून सगळी सजावट मनगटाशी आणली तर बघणाऱ्याची नजर कुठे जाते? प्रश्न नेमका असला की उत्तरही नेमकं येतं, आणि ते पुढच्या वेशात वापरता येतं. ‘हे मला शोभतं का’ हा प्रश्न मात्र बाजूला ठेव. त्याचं उत्तर शेजारी कोण उभं आहे आणि त्या दिवशी आपला मूड कसा आहे यावर फिरत राहतं.

सुरुवात आकारापासून कर. नवीन मंडळी बहुधा चमकीपासून सुरुवात करतात, कारण ती हाताशी असते आणि लगेच काहीतरी घडल्यासारखं वाटतं. पण माणूस लांबून येताना आधी दिसते त्याची बाह्यरेषा, मग रंग, आणि मणी-टिकल्या तर अगदी जवळ आल्यावर. संध्याकाळी खोलीतले बाकीचे दिवे घालव, एक दिवा पाठीमागे ठेव आणि समोरच्या कोऱ्या भिंतीवर आपली सावली बघ. सावली रोजच्यासारखीच दिसत असेल, तर झालेत ते फक्त कपडे सजवून. आता वर्तमानपत्र, मास्किंग टेप आणि टाचण्या घे. कागदाचा एक खांदा कर, एक उंच कॉलर कर, एक फुगीर बाही कर. एकेक लावून सावली बघ. कागद फाटला तरी नुकसान काही नाही, त्यामुळे हात धीट होतो. मी आजही कापडाला कात्री लावण्याआधी कागद आणि जुनी चादर यांच्यावरच आकार पक्का करते.

आकाराने आणखी एक गोष्ट होते आणि माझ्या मते या सगळ्या खटाटोपातली सर्वांत मोलाची गोष्ट तीच आहे: वेश शरीराला नवी चाल शिकवतो. ओस्कर श्लेमर या जर्मन कलावंताचं ‘ट्रायाडिक बॅले’ १९२२ साली श्टुटगार्टमध्ये रंगमंचावर आलं. त्यात नर्तकांच्या अंगावर गोळे, शंकू, चकत्या आणि तारांची वेटोळी होती. वेश जेवढी मोकळीक देईल तेवढीच हालचाल, आणि त्या अडचणीतूनच नाचाची नवी तऱ्हा निघाली. उंच कॉलर लावल्यावर मान वळवता येत नाही, मग आख्खा माणूस वळतो. जड बाही घातली की हात आपोआप सावकाश उचलला जातो. तुझ्या झग्याला मागे लांब घोळ आहे, म्हणजे वळताना तुझी पावलं नक्की बदलली असणार. ती कशी बदलली, ते तू पत्रात लिहिलं नाहीस. मला सर्वांत जास्त उत्सुकता त्याचीच होती.

त्या झग्याबद्दल एक तांत्रिक गोष्ट सांगते, कारण फोटोत तो एका अंगाला ताठ आणि दुसऱ्या अंगाला लोंबता दिसतो. विणलेल्या कापडात उभा धागा असतो आणि आडवा धागा असतो. दोन्ही दिशांना ते फारसं ताणत नाही. पण तिरपं, म्हणजे ४५ अंशांत ओढलं की तेच कापड ताणतं, अंगाला बिलगतं आणि लोळत खाली येतं. यालाच आपण उरेब म्हणतो. पडदा मिळेल तसा वाकडा कापला गेला, म्हणून एक बाजू उरेबात गेली आणि दुसरी सरळ धाग्यात राहिली. माडलेन व्हिओने या फ्रेंच शिवणकर्तीने १९२० च्या दशकात संपूर्ण पोशाख उरेबात बेतून दाखवले. ती आधी एका लहान लाकडी बाहुलीवर कापड गुंडाळून बघायची. ही युक्ती उचल. अर्ध्या मापाचा नमुना केलास तर कापड एक चतुर्थांशच लागतं. तिरप्या कापडाचा झगा शिवलास तर खालची किनार लगेच दुमडू नकोस. एक रात्रभर टांगून ठेव, जेवढं उतरायचं तेवढं उतरू दे, मग कडा सारखी करून घे.

साहित्याची चिंता करू नकोस, चिंध्यांना कमी लेखू नकोस. सोनिया दलोने या चित्रकर्तीने १९११ मध्ये आपल्या तान्ह्या मुलासाठी कापडाच्या तुकड्यांची गोधडी केली. त्या तुकड्यांच्या रंगांतून तिला नवी वाट दिसली आणि १९१३ साली तिने तशाच तुकड्यांचा स्वतःसाठी पोशाख शिवला. फक्त कापड धुऊन, वाळवून मगच बेत. सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं. आणि पॉलिएस्टर घरच्या साध्या रंगात बुडवून रंगेल अशी आशा धरू नकोस, त्याला वेगळे रंग आणि बरीच उष्णता लागते.

मुकुटासाठी पुठ्ठ्याऐवजी ईव्हीए फोमची, म्हणजे हलक्या, स्पंजासारख्या प्लास्टिकची शीट वापरून बघ. बारीक नक्षीला २ मिलिमीटर, मुकुट-कवचाला ५ मिलिमीटरच्या आसपास. हीट गनने (गरम हवा सोडणाऱ्या यंत्राने) तापवून वाकवलं आणि थंड होईपर्यंत तसंच धरलं की आकार टिकतो. जोडायला दोन्ही कडांना काँटॅक्ट अ‍ॅडहेसिव्ह लाव, डब्यावर लिहिलंय तेवढं सुकू दे, मग एकदाच नीट जुळवून दाब, कारण चिकटल्यावर सरकवता येत नाही. खिडक्या उघड्या हव्यात आणि जवळपास ज्योत नको, त्या वाफा पेट घेतात. धूळ अडवणारा साधा मास्क या वाफा अडवत नाही, हे लक्षात असू दे.

आता चेहरा. तुझी तक्रार आहे की निळा रंग आरशात सुंदर होता आणि खोलीत मळकट झाला. रंग चांगलाच आहे, फरक दिव्याचा आहे. उजेडाची रंगछटा केल्विनमध्ये मोजतात. घरातल्या पिवळसर दिव्याचा उजेड २७०० केल्विनच्या आसपास असतो, त्यात निळा भाग कमी. दिवसाच्या उजेडाचा आकडा ५५०० ते ६५०० केल्विन. खिडकीशी बसून लावलेला निळा पिवळ्या दिव्याखाली मंद पडणारच. ज्या उजेडात वावरायचं आहे त्याच उजेडात रंगभूषा कर, किंवा निदान तिथे जाऊन एकदा तपास. फोटो फ्लॅशने काढणार असशील तर रंगहीन दिसणारी सिलिकाची पावडर बेताने लाव, फ्लॅशमध्ये तिचे पांढरे डाग उठतात.

आणि रंग वाढवण्याआधी फक्त उजेड-अंधार करून बघ. फिकट छटा लावलेला भाग पुढे आल्यासारखा दिसतो, गडद छटा लावलेला मागे जातो. एवढ्या एका नियमावर नाक लांब होतं, गाल खोल जातात, जबडा रुंद होतो. एका संध्याकाळी तपकिरी आणि फिकट अशा दोनच छटा घेऊन बस. अर्धा चेहरा म्हातारा कर, अर्धा जसाच्या तसा ठेव. मग त्याच दोन छटांनी दुसऱ्या दिवशी कपाळ उंच करायचा प्रयत्न कर. हाताला या दोन छटा वळल्या की निळा रंगही कुठे हवा आणि कुठे नको ते तुला दिसू लागेल.

त्वचेच्या बाबतीत मात्र मी कडक आहे, आणि तुलाही तसंच असायला हवं. कुठलाही नवा रंग किंवा डिंक आधी कोपराच्या आतल्या बाजूला लाव आणि एक-दोन दिवस वाट बघ. द्रव लेटेक्सची, म्हणजे रबराच्या चिकाची, काहींना जोरात अ‍ॅलर्जी असते. हस्तकलेची चमकी डोळ्यांजवळ कधीच नको, तिच्या कडा बुबुळाला ओरखडा आणू शकतात. तिथे फक्त सौंदर्यप्रसाधन म्हणून विकली जाणारी, डोळ्यांसाठी चालते असं लिहिलेली चमकी. लिपस्टिक पापण्यांवर ओढायची युक्ती तू लिहिली आहेस, ती सोडून दे. ओठांना चालणारे काही लाल रंग अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने डोळ्यांभोवती वापरायला मान्य केलेले नाहीत. झटपट उठणाऱ्या काळ्या टॅटूपासूनही लांब राहा. त्यात बऱ्याचदा केसांच्या रंगातलं पीपीडी घातलेलं असतं आणि त्याची अ‍ॅलर्जी एकदा जडली की जन्मभर राहू शकते. मस्कारा तीन महिन्यांनी टाकून द्यायचा, आणि डोळ्यांचे ब्रश-पेन्सिल कुणाशीही वाटून घ्यायचे नाहीत, अगदी जिवलग मैत्र असलं तरी.

वेश तयार झाला की तो घालून निदान तीन तास वावर. ही पायरी सगळे गाळतात. आरशासमोरच्या पाच मिनिटांत काहीच बोचत नाही. खाली बस, ऊठ, जिना चढ-उतर, दोन्ही हात डोक्यावर ने, पाणी पी, एकट्याने स्वच्छतागृहात जाऊन ये. मुखवटा असेल तर पायाजवळचं किती दिसतं ते आधी तपास, कारण पहिली गायब होते ती खालची नजर, आणि माणसं पायऱ्यांवरच पडतात. पॉलिएस्टरचा घोळ असलेला वेश घालून मेणबत्तीजवळ जाऊ नकोस. ते कापड जळताना वितळून कातडीला चिकटतं. मुकुट डोकं दुखवत असेल तर आतून कडेला फोमची पट्टी लाव आणि वजन कपाळावरून मागे सरकव.

वेश उतरवल्यावर लगेच वहीत लिही: प्रश्न काय होता, उत्तर काय मिळालं, कुठे घासलं, कुठे टोचलं, कोणत्या क्षणी आपण वेश घातलाय हे विसरायला झालं. या शेवटच्या नोंदीला मी सर्वांत जास्त किंमत देते. सोबत तीन फोटो चिकटव: समोरून, बाजूने, पाठीमागून. तू मला पाठवलेले सगळे फोटो समोरूनच आहेत. लोक आपल्याला पाठमोरंही बघत असतात.

बटणांची माळ तुझ्या मित्राने ओवली आहे असं ओझरतं लिहिलं आहेस. फोटोखाली त्याचं नाव घाल. १९३९ साली न्यूयॉर्कमध्ये विज्ञानकथांच्या चाहत्यांचं पहिलं जागतिक संमेलन भरलं, तेव्हा फॉरेस्ट अ‍ॅकरमन भविष्यकाळातला वेश घालून आला आणि पुढे त्याचं बरंच नाव झालं. तो वेश बेतला आणि शिवला होता मर्टल डग्लसने. ती स्वतःही तिथे तशाच वेशात होती, पण तिचं नाव बराच काळ मागे राहिलं. शिवणारा हात दिसत नाही, म्हणून तो मुद्दाम लिहावा लागतो.

काही जण हसतील, हे तू लिहिलं आहेस. हसणाऱ्यांना उत्तर देण्यात वेळ घालवू नकोस, पण कुणी ‘हा खांदा असा का?’ असं विचारलं तर मन लावून सांग. तुझ्याकडे प्रश्न असेल तर सांगायला काहीतरी असतंच. एक पथ्य मात्र पाळ: कुणाच्या श्रद्धेची किंवा दुःखाची खूण असलेली वस्तू नुसती उठून दिसते म्हणून अंगावर चढवू नकोस. त्या माणसांसमोर तोच वेश घालून निःशंक उभं राहता येईल का, हे स्वतःला विचार.

वहीत दहा-पंधरा वेश जमले की ती उलटी, शेवटून चाळ. काही गोष्टी न ठरवता परत परत आलेल्या दिसतील: एकाच बाजूचं वजन, उघडी मनगटं, मानेशी काहीतरी ताठ. त्या उचल आणि लहान करून रोजच्या कपड्यांत आण. वीतभर कॉलर दोन बोटांची होईल, अर्धा निळा चेहरा पापणीच्या कडेची एक निळी रेघ होईल. तू जिला ‘माझी स्टाइल’ म्हणून शोधायला निघालं आहेस, ती मला तरी अशीच, मागच्या नोंदींतून सापडताना दिसली आहे.

रंग उतरवण्याची घाई करू नकोस. तेलकट रंग तेलाने किंवा क्लीन्झिंग बामने, पाण्यात कालवलेला रंग साबण-पाण्याने. डिंकाने लावलेल्या पापण्या ओढायच्या नाहीत, त्याच डिंकाचा रिमूव्हर लावून त्या सुटेपर्यंत थांबायचं.

राहता राहिला शिलाई मशीनचा प्रश्न. इतक्यात घेऊ नकोस. धावदोरा, उलटी टीप, हेम आणि टिचबटण लावणं एवढं हाताने स्वच्छ जमलं तर पुढचे कितीतरी वेश निघतील. झग्याच्या उरेबातल्या बाजूला उलटी टीप घाल, दोरा किंचित सैल ठेव, म्हणजे कापड ताणलं तरी टाका तुटणार नाही. दोन महिन्यांनीही मशीनची गरज वाटली तर कुणाची तरी मागून आठवडाभर वापर आणि मग मला लिही, कोणतं घ्यायचं ते बसून ठरवू.

तुझी,
नाटकांचे वेश शिवणारी मावशी