स्वतः समुपदेशन घेतलेली मुलगी मानसशास्त्रज्ञ होऊ शकते का?

नमस्कार ताई,

ऐरोलीहून लिहिलेलं तुमचं पत्र दोनदा वाचलं. लेक बारावी सायन्सला आहे, नीटचा क्लास चालू आहे आणि दिवाळीपासून तिने धोशा लावलाय की सायकॉलॉजीच करणार. बाबांचं म्हणणं, नीट नाही लागली तर बी. फार्म. कर, आपल्या रबाळे-घणसोली पट्ट्यात कंपन्या आहेत, नोकरीला मरण नाही. किती वर्षं लागतात, पैसे मिळतात का, घरी बसून डिस्टन्सने होईल का, हे तुम्ही विचारलंत. आणि अगदी शेवटी, नाव छापू नका असं बजावून लिहिलंत, की दहावीच्या प्रिलिमच्या वेळी तिला धाप लागायची, हातपाय गार पडायचे, काही महिने कौन्सेलरकडे न्यावं लागलं होतं. घरात हे अजून कुणाला माहीत नाही. अशी मुलगी दुसऱ्यांना काय सावरणार?

आधी या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देते, कारण बाकीचे प्रश्न त्याच्याच आडून आलेत असं मला वाटतं.

होऊ शकते. स्वतः मदत घेतलेली माणसं या क्षेत्रात भरपूर आहेत. प्रशिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्यांनी स्वतःही थेरपी घ्यावी, असा आग्रह अनेक चांगले शिक्षक धरतात. समोरच्या खुर्चीत बसणं किती अवघड असतं हे ज्याला ठाऊक आहे, तो पेशंटला घाई करत नाही. तेव्हा दहावीतला तो काळ तिच्या आड येणार नाही. प्रवेश घेताना तो कुणाला सांगायचीही गरज नाही. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने उपचारांबाबतची गोपनीयता हा रुग्णाचा हक्क मानला आहे.

मात्र एक गोष्ट तिच्याशी नीट बोला. हे काम कसं चालतं ते तिने जवळून पाहिलं आणि आपणही ते शिकावं असं वाटलं, की मनात अजून काहीतरी अडकलंय आणि ते या अभ्यासातून सुटेल अशी आशा आहे? पहिलं असेल तर निर्धास्त राहा. दुसरं असेल तरी घाबरू नका, पण मग तिला आत्ता कौन्सेलरची गरज आहे, पदवीची नंतर. बी. ए.च्या पुस्तकांनी कुणाची भीती जात नाही. बारावी आणि नीटचा ताण दहावीपेक्षा मोठा असतो. धाप, छातीत धडधड पुन्हा दिसली तर परीक्षा संपायची वाट न पाहता त्याच कौन्सेलरकडे जा. रात्री-अपरात्री लागलं तर सरकारची टेली-मानस ही मोफत हेल्पलाइन आहे, क्रमांक १४४१६, मराठीतही बोलता येतं.

घरात कुणाला माहीत नाही, हे वाचून मला वाईट वाटलं. सगळ्या नातेवाइकांना सांगत सुटा असं मी म्हणत नाही. ती तिची गोष्ट आहे, कुणाला सांगायची हे तिने ठरवावं. पण ही गोष्ट दबक्या आवाजातच बोलायची, असं ती घरात शिकली, तर उद्या तिच्यासमोर बसलेल्या मुलीला ती कशी सांगणार की यात लाजण्यासारखं काही नाही? आपल्याकडे कुणी जरा वेगळं वागलं की 'याला ठाण्याला पाठवा' म्हणतात. ठाण्याचं ते मनोरुग्णालय १९०१ सालापासून उभं आहे, तिथून कितीतरी माणसं बरी होऊन घरी गेली, तरी ही चेष्टा संपलेली नाही. त्याच ठाण्यात १९९० साली मनोविकारतज्ज्ञ डॉ. आनंद नाडकर्णींनी आयपीएच (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ) ही संस्था सुरू केली. मानसिक आरोग्यावर मराठीत, साध्या भाषेत बोलायचं काम ती इतकी वर्षं करतेय. त्यांचे व्हिडिओ यूट्यूबवर आहेत. एखादा जेवणं झाल्यावर तिघांनी मिळून बघा, बाबांनाही बसवा.

'वेड्यांची डॉक्टर' होणार का, असं तिच्या आत्याने विचारल्याचं तुम्ही लिहिलंय. आत्यांना एवढंच सांगा की औषधं लिहून देणारे सायकियाट्रिस्ट वेगळे, ते एमबीबीएस करून पुढे एम. डी. करतात. लेकीला नीट लागली तर तोही रस्ता मोकळा आहे. सायकॉलॉजिस्ट औषध देत नाही, तो चाचण्या घेतो आणि बोलण्याच्या पद्धतशीर उपचारांनी मदत करतो. त्याच्याकडे येणाऱ्यांत अभ्यासात मागे पडणारी पोरं असतात, बाळंतपणानंतर खचलेल्या बायका असतात, नोकरी गेलेले पुरुष असतात. बंगळुरूच्या निमहान्स या मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेने २०१५-१६ साली केलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात देशातल्या १०.६ टक्के प्रौढांना त्या वेळी कुठला ना कुठला मानसिक आजार असल्याचं आढळलं, आणि आजारानुसार ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचार पोचत नव्हते. काम नाही म्हणून हे क्षेत्र कधी थांबणार नाही.

आता रस्ता. सायन्सची मुलगी आर्ट्सला जाऊ शकते, त्यात अडचण नाही. सायकॉलॉजी हा मेजर, म्हणजे मुख्य विषय मिळेल असं कॉलेज बघा. ऐरोलीहून ठाण्याला येऊन मध्य रेल्वेने माटुंग्याचं रुईया तिच्या आवाक्यात आहे, जवळपासची कॉलेजंही चौकशी करून पाहा. पदवीची तीन वर्षं, ऑनर्ससाठी चार. मग एम. ए., मुंबई विद्यापीठाच्या कलिना संकुलात किंवा देवनारच्या टिसमध्ये, म्हणजे टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसमध्ये. दोन्हीकडे जागा मोजक्या आणि चुरस जबरदस्त, हे आधीच धरून चाला.

इथवर आलेली मुलगी शाळेत समुपदेशक, कंपनीत एचआर, संस्थेत किंवा संशोधनात काम करू शकते. पण 'क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट' म्हणून काम करायचं असेल तर भारतीय पुनर्वास परिषदेची, म्हणजे आरसीआयची नोंदणी लागते, आणि ती परिषदेने मान्य केलेला अभ्यासक्रम केल्यावरच मिळते. इतकी वर्षं त्यासाठी एम. ए. नंतर दोन वर्षांचं एम. फिल. करावं लागायचं. २०२०च्या शैक्षणिक धोरणाने एम. फिल. ही पदवीच मोडीत काढली. या विषयापुरती थोडी मुदतवाढ मिळाली, आणि आता परिषद क्लिनिकल सायकॉलॉजीचे पदवी आणि एम. ए. पातळीवरचे नवे अभ्यासक्रम आणते आहे. म्हणून कुठल्याही संस्थेत पैसे भरण्याआधी परिषदेच्या संकेतस्थळावर त्या संस्थेचं आणि त्याच अभ्यासक्रमाचं नाव आहे का, ते स्वतः पाहा. संस्थेच्या माहितीपत्रकावर विसंबू नका. आणि तीन महिन्यांत थेरपिस्ट बनवणाऱ्या ऑनलाइन सर्टिफिकेटवर एक रुपयाही घालवू नका. दुखावलेल्या माणसाला असल्या अर्धवट शिक्षणाने आणखी इजा होते, हे मी फार गांभीर्याने सांगतेय.

डिस्टन्सचा विचार मात्र सोडून द्या. २०२५च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, सायकॉलॉजीसह आरोग्याशी संबंधित विषयांचे दूरस्थ आणि ऑनलाइन अभ्यासक्रम बंद करायला सांगितले आहेत. मला हा निर्णय पटतो. माणसासमोर बसून, वरिष्ठांच्या देखरेखीखाली केलेल्या सरावाला पर्याय नाही.

या देखरेखीमुळेच तुमची दुसरी भीतीही कमी व्हावी. दिवसभर लोकांची दुःखं ऐकून ती खचेल, असं तुम्हाला वाटतं. एकटीने, न शिकता ऐकेल तर खचेलच. प्रशिक्षणात ती शिकेल की किती केसेस घ्यायच्या, कुठे थांबायचं, कधी पेशंटला सायकियाट्रिस्टकडे पाठवायचं. अवघड केस ती सुपरवायझरपुढे मांडेल, काय चुकलं काय जमलं ते त्याच्याशी बोलेल. पाणी भरणाऱ्या बाईला जशी कळशी कमरेवर कुठे टेकवायची ते कळतं, तसं हेही वजन पेलायला शिकावं लागतं.

पैशाबाबत बाबांना गोड गोड सांगणार नाही. पहिली काही वर्षं पगार बेताचा असतो, फार्मसी केलेली मैत्रीण तिच्या आधी कमावती होईल. स्वतःची प्रॅक्टिस बसायला वेळ जातो. एम. ए. आणि नोंदणी धरून सहा-सात वर्षं तिला घरचा आधार लागेल. तेवढी तयारी नसेल तर आत्ताच सांगा, चौथ्या वर्षी नको. मधल्या काळात शाळेत किंवा संस्थेत अर्धवेळ काम करता येतं, पण त्यावर घर चालत नाही.

आणि एक परीक्षा तुम्ही घरीच घ्या. बालभारतीच्या संकेतस्थळावर अकरावी-बारावीचं मानसशास्त्राचं पुस्तक फुकट मिळतं. लेखी परीक्षा झाली की तिला ते पूर्ण वाचू द्या. या विषयात संख्याशास्त्र असतं, प्रयोग असतात, स्मृतीच्या आणि बुद्धिमापनाच्या चाचण्या असतात. आपल्याकडे अजून वापरली जाणारी बिने-कामत ही बुद्धिमापनाची चाचणी गेल्या शतकात व्ही. व्ही. कामत यांनी मराठी आणि कानडी मुलांसाठी बसवली होती. असं काही वाचून तिचे डोळे चमकले, तर तिला विषय आवडतोय. फक्त मैत्रिणी मनातलं तिच्यापाशी बोलतात एवढ्यावर ती निघाली असेल, तर आकडेमोड आली की कंटाळेल, आणि ते पहिल्याच वर्षी कळेल.

नीट द्यायची ठरलीच आहे, तर देऊ द्या, दोन्ही दारं उघडी राहतील. फक्त बारावीचा निकाल लागला की मुंबई विद्यापीठाची ऑनलाइन पूर्वनोंदणी लगेच सुरू होते. ती केल्याशिवाय कॉलेजचा फॉर्म भरता येत नाही, आणि नीटच्या निकालाची वाट बघत बसलेल्यांची ती हमखास राहून जाते. ती तारीख तिच्या बाबांनाच लक्षात ठेवायला सांगा.