गणिताचा पेपर पाहिला की हिचं डोकंच बंद पडतं

"हुशार आहे हो मॅडम, पण गणिताचा पेपर हातात आला की हिचं डोकंच बंद पडतं. अजून एक क्लास लावू का?" सत्र परीक्षा झाली की हा प्रश्न माझ्याकडे येतोच. त्यातल्याच एका आठवीतल्या मुलीची ही हकिकत, ओळख कळू नये म्हणून तपशील बदलून.

आई सांगत होती, "आमच्या घरात गणित कुणालाच जमलं नाही. माझ्यावरच गेलीय." मुलगी मान खाली घालून ऐकत होती. घरी गणित म्हणजे बाबांच्या मोबाइलवरचा टायमर, आणि चुकलं की "एवढंही येत नाही?" एरवी गणिताचा विषय निघायचा तो "किती पडले?" एवढ्यापुरताच.

मनात भीती असली की ती डोक्यातली नेमकी तीच जागा अडवते, जिथे हातचे आणि मधली उत्तरं धरून ठेवायची असतात. म्हणून एरवी सुटणारं गणित पेपरात अडतं. आळस किंवा बुद्धी यांचा इथे संबंध नाही. अशा मुलीला आणखी एक क्लास लावला तर बहुतेक वेळा आणखी एक टायमरच वाढतो.

मी तिला कोरा कागद दिला आणि जन्मसाल लिहायला सांगितलं. २०१२. आता याच अंकांपासून सगळ्यात मोठी संख्या कर, सगळ्यात लहान कर आणि वजा कर. २२१० वजा ०१२२, उत्तर २०८८. पुन्हा तसंच: ८८२० वजा ०२८८, ८५३२. पुन्हा: ८५३२ वजा २३५८, ६१७४. "अजून एकदा," मी म्हटलं. ७६४१ वजा १४६७. तिने उत्तर लिहिलं आणि पहिल्यांदाच माझ्याकडे बघितलं. "परत तेच आलं!"

मग तिला दत्तात्रय रामचंद्र कापरेकरांबद्दल सांगितलं. देवळालीच्या शाळेत १९३० ते १९६२ शिकवणारे मास्तर, ज्यांना आकड्यांशी खेळण्याचा नाद होता. कुठल्याही चार आकड्यांचं असं करत गेलं की शेवटी ६१७४ च येतं, हा शोध त्यांनी १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत मांडला आणि आज जगभर ६१७४ ला कापरेकर स्थिरांक म्हणतात. ती थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "चारही आकडे सारखे घेतले तर?" करून पाहा, म्हटलं. ११११ वजा ११११. शून्य. तो अपवाद तिचा तिने शोधला होता. मला त्या मुलीचा फार अभिमान वाटला.

घरी जाऊन सगळ्यांच्या जन्मसालांचं हेच करायचं, टायमर नाही, मार्क नाहीत, एवढंच ठरलं. आजीचं १९५४ तीन पायऱ्यांत ६१७४ वर आलं, बाबांच्या १९८१ ला पाच लागल्या. बाबांची एक वजाबाकी चुकली तेव्हा लेकीनेच ती दाखवून दिली. आजीला तर पाऊणकी, म्हणजे पाऊणचा पाढा, आठवली: सात पाऊण सव्वापाच. कसं काय, म्हणून नातीने विचारलं तर म्हणाली, "अगं, सातातून सातचा पाव, म्हणजे पावणेदोन, काढ की." माझ्या मते त्या आठवड्यातलं सगळ्यात मोलाचं काम आजीने केलं. गणित कुणालाच येत नाही असं ज्या घरात म्हणत होते, तिथे ते तोंडपाठ असलेलं माणूस निघालं.

पुढच्या घटक चाचणीत मार्क थोडेच वाढले, पण पेपर तिने शेवटपर्यंत लिहिला. दोन गणितं सोडली, ती घरी येऊन आपणहून सोडवून पाहिली. क्लासचं आईने तूर्त थांबवलं आहे. टायमर मात्र मी कायमचाच बंद करायला सांगितला.

एक सांगून ठेवते. भीती नसतानाही मूल लहान-मोठी संख्या ओळखताना गोंधळत असेल, साध्या बेरजाही बोटांशिवाय होत नसतील आणि हे वर्षानुवर्षं चालत असेल, तर गणन अक्षमतेची (डिसकॅल्क्युलिया, म्हणजे आकडे शिकण्यातलीच अडचण) तपासणी करून घ्या. प्रमाणपत्र मिळालं तर बोर्डाच्या सवलती मिळतात, आणि मुलाला शिकवण्याची पद्धतही वेळेवर बदलता येते.