मुलाखतीला बसण्याआधी

रेडिओवर मुलाखत घेणार असशील तर पाहुण्याला प्रश्न आधी पाठवू नकोस, विषय तेवढे सांग. प्रश्न हातात पडले की माणूस उत्तरं पाठ करून येतो आणि मुलाखतीचं भाषण होतं. पालिकेच्या अधिकाऱ्याला 'पाणीपुरवठा सुधारेल का?' विचारलंस तर 'नक्कीच' म्हणून तो मोकळा. 'कुठल्या भागात, कधीपासून?' असं धर. लोक रेडिओ मध्येच लावतात, म्हणून दर पाच-सात मिनिटांनी पाहुण्याचं नाव आणि विषय पुन्हा सांग. बाहेर रेकॉर्डिंग असेल तर तिथला नुसता आवाज अर्धा मिनिट टिपून घे. एडिटिंगमध्ये तुकडे जोडल्याचे सांधे झाकायला तोच लागतो. माइक वीतभर लांब, किंचित तिरका, नाहीतर 'प-फ' फटाक्यासारखे फुटतात. गायक आला तर कौतुक आवर, त्याला गाऊ दे. आणि ते सारखं 'हं… हं…' बंद कर बाबा, नुसती मान डोलाव!