सतरंज्यांचं काय?

‘माझा ३१ वर्षांचा भाऊ स्वमग्न (ऑटिस्टिक) आहे. डोंबिवलीतल्या आमच्या सोसायटीच्या सांस्कृतिक समितीत मी आहे. कोजागिरीला दरवर्षी तो कोणी न सांगता सातला गच्चीवर सतरंज्या अंथरतो, पण नऊला कार्यक्रम सुरू झाला की घरी पळतो. गेल्या वर्षी मी माइकवरून त्याचं नाव पुकारलं, लोकांनी टाळ्याही वाजवल्या, तरी आला नाही. चार माणसांत मिसळायला त्याला कसं शिकवू?’
– एक बहीण

ताई,

सतरंज्या तुम्ही अर्ध्या वाक्यात गुंडाळून टाकल्यात. मी त्याच उलगडून बसले आहे.

‘स्वमग्न’ हा शब्द मला कायम खटकतो. स्वतःत मग्न असलेला माणूस दरवर्षी शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या बसण्याची सोय करतो होय? तुमचा भाऊ कोजागिरीला येतो. सगळ्यांच्या आधी येतो. नऊ वाजता तुम्ही त्याला घालवता.

हा लाजाळूपणा नव्हे. आवाज, उजेड, स्पर्श टोकाचे जाणवणं हे २०१३ पासून ऑटिझमच्या निदानाच्या निकषांतच नोंदलेलं आहे. हाऊजीचे आकडे, पातेल्यांची खणखण आणि मागच्या बायकांच्या गप्पा तुम्हाआम्हाला वेगवेगळ्या ऐकू येतात. त्याच्यावर सगळं एकदम कोसळत असणार. निवासी भागात रात्री दहापर्यंत मर्यादा आहे ५५ डेसिबलची, म्हणजे साध्या बोलण्याच्या आसपास. तुमचे स्पीकर तेवढ्यावर थांबतात? आणि वर नाव पुकारायचं! तुम्हाला ते प्रेम वाटलं, मला नुसतं वाचून घाम फुटला.

तर त्याला शिकवणं बंद. समितीत एकच ठराव करून घ्या: यंदा कोजागिरी सातला सुरू आणि साडेआठपर्यंत माइक खोक्यात. दूधही तेव्हाच उकळायचं. कोणीतरी म्हणेलच, दूध मध्यरात्री दाखवायचं असतं. त्यांना सांगा, पौर्णिमेचा चंद्र सूर्यास्ताच्या सुमाराला उगवतो, सातला तो हजर असतो.

तुम्ही लवकर वर जा, सतरंजीचं दुसरं टोक धरा आणि गप्प राहा. एखाद्या कमी बोलणाऱ्या काकांनाही बोलवा. प्रत्येक सोसायटीत असे एक काका असतात, त्यांनाही माइक नकोच असतो. साडेआठला भाऊ निघाला तर ‘थांब ना रे’ म्हणायचं नाही. दुधाचा पेला हातात द्यायचा, बस.

आणि हो, दुसऱ्या दिवशी त्या सतरंज्यांच्या घड्या कोण घालतं, हे तुम्ही लिहिलंच नाहीत.