तुणतुण्यावर कुणी चिडत नाही, मग लूपवर का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: तुमचा मित्र औसा तालुक्यातला, गावच्या भजनी मंडळात पखवाज वाजवतो. त्याचं म्हणणं, "हे काय संगीत हाय का? बटण दाबायचं अन् नुसतं धाड धाड. तासभर तेच ते." अशा माणसाला ईडीएम, म्हणजे यंत्रांवर केलेलं नाचाचं संगीत (इलेक्ट्रॉनिक डान्स म्युझिक), पटवायचं कसं?

आधी एक गोष्ट मान्य करून टाका, नाहीतर पहिल्या पाच मिनिटांत हराल. आपल्याकडे डीजे म्हणजे माणूस नाही, डीजे म्हणजे ट्रक. लातूर असो, बीड असो की नांदेड, वरातीत आणि मिरवणुकीत जे खिडक्यांची तावदानं हलवतं, त्यालाच मित्र ईडीएम समजतोय. त्याच्यावरचा त्याचा राग रास्त आहे, तिथे वकिली करू नका. ५० हर्ट्झच्या बेसची एक लाट जवळपास सात मीटर लांब असते, घराची भिंत तिला अडवू शकत नाही. त्यात अॅम्पवरचा क्लिपचा लाल दिवा कायम पेटलेला. म्हणजे लाटेचे शेंडे कापले जातायत, गोल लाट चौकोनी होतेय, आणि त्यातून जो कर्कशपणा निघतो तो मूळ गाण्यात नसतोच. जनरेटर कमी ताकदीचा असेल तर दर ठोक्याला व्होल्टेज बसतं आणि बेसचा नुसता भसाडा होतो. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत रहिवासी भागाला दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५ डेसिबल एवढीच मर्यादा आहे. कानाचा हिशोब आणखी सोपा: ८५ डेसिबल आठ तास सोसतं, पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मी. १०० डेसिबलला पंधरा मिनिटं. ट्रकमागे पोरं तीन तास नाचतात. हे सगळं त्याच्याआधी तुम्हीच बोलून टाका, म्हणजे भांडण संगीतावर येईल.

दुसरं, 'ईडीएम' हा शब्द फार ताणू नका. त्याच्या पोटात बरेच प्रकार आहेत. हाऊस साधारण १२० ते १२८ बीपीएमचं (मिनिटाला इतके ठोके), टेक्नो त्याच्या थोडं वर, ट्रान्स १३५ ते १४०च्या आसपास, ड्रम अँड बेस १७०च्या पुढे. हाऊस शिकागोचं, 'वेअरहाऊस' नावाच्या क्लबात १९७७ पासून फ्रँकी नकल्स रेकॉर्डी वाजवायचा, त्या जागेवरूनच नाव पडलं. टेक्नो डेट्रॉइटचं, हुआन अॅटकिन्स, डेरिक मे आणि केव्हिन सॉन्डरसन यांनी ऐंशीच्या दशकात उभं केलेलं. पखवाजवाल्याला सुरुवातीला हाऊसच ऐकवा. लय अंगाला लागणारी असते, आणि ठेक्यात श्वास घ्यायला जागा असते.

आता 'तेच ते'बद्दल. गंमत बघा, मराठीत कुणी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा बोलायला लागला की आपण म्हणतो "तेच तुणतुणं वाजवू नको". पण तुळजाभवानीच्या गोंधळात रात्रभर ते तुणतुणं एका तारेवर एकच सूर धरून असतं आणि कुणी उठून जात नाही. कारण कान तुणतुण्यावर नसतोच. ते चालू असतं म्हणूनच संबळ कुठे आडवा गेला, गोंधळी कुठे थांबला हे कळतं. औशाच्याच नाथ परंपरेतलं चक्रीभजन घ्या. एक चरण किती वेळा फिरतो याचा हिशोब तिथे कुणी ठेवत नाही, कारण ते संगीत बसून ऐकायचं नाही, पायांनी ऐकायचं आहे. लूप म्हणजे पुन्हा पुन्हा फिरणारा तोच तुकडा, त्याचं काम तुणतुण्याचंच. एक गोष्ट हलू द्यायची नाही, म्हणजे बाकीचं जे बारीक हलतं ते ऐकू येईल.

बारीक काय हलतं, हे शब्दांत सांगू नका, त्याच्याकडून करवून घ्या. त्याला म्हणावं एक सूर लाव, श्वास न तोडता तोंड 'ऊ'पासून 'आ'पर्यंत हळूहळू उघड आणि परत मीट. सूर जागचा हलला नाही, पण आवाजाचा रंग पूर्ण बदलला. सिंथेसायझरचा फिल्टर हेच करतो. कटऑफची खुंटी खाली असली की वरची कंपनं अडतात, आवाज गोधडीखालून आल्यासारखा येतो; खुंटी वर गेली की तोच सूर डोळे उघडतो. हे उघडणं कधीकधी दोन-दोन मिनिटं चालतं. 'यात सुरांची करामत नाही' ही तक्रार बऱ्याच अंशी खरी आहे, पण करामत दुसऱ्या घरात आहे.

पखवाजवाल्यासाठी सगळ्यात जवळचा दरवाजा मात्र किक ड्रम, म्हणजे ठेक्यातला तो खालचा 'धाड'. तो स्वतः धुमेला, म्हणजे पखवाजाच्या खालच्या सुराच्या तोंडाला, कणीक लावतो. कणीक जास्त झाली की आवाज खोल आणि मठ्ठ, कमी पडली किंवा वाळली की धुम वर चढते. किकचं ट्यूनिंग म्हणजे तेच, फक्त कणीक हर्ट्झमध्ये मोजायची. रोलंड कंपनीच्या टीआर-९०९ या १९८३ सालच्या ठेक्याच्या यंत्रावर किकसाठी ट्यून, अॅटॅक आणि डिके (गुंज किती वेळ टिकते) अशा वेगळ्या खुंट्या आहेत. किकचा एक ठोका हळू करून ऐकवा. सुरुवातीला काही मिलिसेकंदांची थाप, मग वरून सर्रकन घसरत ५० हर्ट्झच्या आसपास स्थिरावणारा सूर, मग गुंज. धुमेवर तळवा दाबत नेल्यावर जी घसरण येते तिचीच ही आवृत्ती. डिके जास्त ठेवला तर एका ठोक्याची गुंज पुढच्या ठोक्यात शिरते आणि सगळं गढूळ होतं. मोबाइलच्या स्पीकरवर हे काहीच कळणार नाही. तो इतका खालचा सूर काढूच शकत नाही, तिथे किकची नुसती टकटक उरते. म्हणून मोबाइल दोघांच्या मधे ठेवून "हे ऐक" म्हणू नका. वायरवाला बऱ्यापैकी हेडफोन द्या, आवाज निम्म्याच्या थोडा वर.

गाणंही नीट निवडा. तीन मिनिटांची रेडिओसाठी कापलेली आवृत्ती नको, सहा-सात मिनिटांची पूर्ण आवृत्ती लावा आणि आधीच सांगून ठेवा की पहिलं मिनिट बहुतेक नुसता ठेका असणार. तो श्रोत्यासाठी नसतो, डीजेला मागच्या गाण्यावर जोडता यावं म्हणून सोडलेला असतो. हे सांगितलं नाही तर मित्र तिथेच हेडफोन काढून ठेवेल.

मग त्याला मोजायला लावा. एका बारात चार ठोके. टाळी दुसऱ्या-चौथ्याला, उघडा हाय-हॅट (झांजांच्या जोडीचा 'छिस्') दोन ठोक्यांच्या बरोबर मध्ये. १२८ बीपीएमला १६ बार म्हणजे नेमके ३० सेकंद, ३२ बार म्हणजे एक मिनिट. आठ किंवा सोळा बार झाले की काहीतरी आत येतं किंवा बाहेर जातं. तालाचा माणूस दुसऱ्या-तिसऱ्या फेरीतच हे पकडतो. पुढे ब्रेकडाऊन येतो: किक काढून घेतली जाते, सोळा-बत्तीस बार नुसते सूर, मग स्नेअर (कडकडणारा छोटा ड्रम) आधी ठोक्याला एक, मग दोन, मग चार. दुगुन, चौगुन. आणि ड्रॉप, म्हणजे किक परत पडते ती जागा, म्हणजे समेवर येणं. मधेच थांबवून पाहायचंच असेल तर चौगुनीच्या शेवटच्या बारात थांबवा. त्याचा हात आपोआप समेला पडला, तर तो ऐकत होता.

एक सावधगिरी. 'तीनतालही सोळाचा अन् हेही सोळाचं' असं ठोकून देऊ नका, तो तुम्हाला तिथेच आडवा करेल. तीनतालात खाली आहे, भरी आहे, बोलांवरूनच माणूस कुठे आहे ते कळतं. सरळ चार किकमध्ये प्रत्येक ठोका सारखाच, त्यात सम आतून दिसत नाही. ती आठ-सोळा बारांनी येणाऱ्या क्रॅश झांजेवरून ओळखावी लागते. हा फरक तुम्ही आपणहून सांगितलात तर बाकीचं तो ऐकून घेईल.

'बटण दाबतो' हे अर्धं खरं. मोठ्या महोत्सवांत आतषबाजी आणि लाइट गाण्याच्या सेकंदाशी बांधलेले असतात, तिथे फार काही बदलायला वाव नसतो. कॅनडाच्या डेडमाऊस या नावाजलेल्या ईडीएम कलाकाराने २०१२ साली स्वतःच कबुली देऊन टाकली होती की आम्ही सगळे प्लेच दाबतो. पण छोट्या जागी तीन-चार तास वाजवणाऱ्याचं काम वेगळं. सिंकचं बटण फार तर लय जुळवून ठोक्यावर ठोका बसवतं. सोळा बारांचा तुकडा कुठे संपतो, दोन गाण्यांचे सूर भांडतात का, लोक थकलेत का, हे त्याला कळत नाही. आणि दोन गाण्यांचे बेस एकाच वेळी चालू राहिले की हमखास चिखल. म्हणून नव्याचा बेस इक्यूवर (बेस-ट्रेबल कमीजास्त करायच्या खुंट्यांवर) शून्यावर ठेवून ते आत आणायचं, तुकडा संपला की एका झटक्यात जुन्याचा बेस खाली, नव्याचा वर. जुन्या हिंदी-मराठी गाण्यांवर तर सिंक बरेचदा तोंडावर आपटतं. तिथे माणसांनी वाजवलंय, लय श्वासासारखी मागेपुढे होते, त्यामुळे बीटग्रिड (ठोके कुठे पडतात याच्या खुणा) हाताने बसवावी लागते. सहा मात्रांचं दादऱ्यातलं गाणं चाराच्या ठेक्यावर चढवलं तर सम आणि बाराचा पहिला ठोका १२ मात्रांनी एकदा भेटतात. ते न कळता शब्द ओढूनताणून चारात कोंबले की गाणं लंगडतं. मिरवणुकीतली निम्मी रिमिक्सं याच रोगाने आजारी आहेत.

'हे आपलं नाही' असं तो म्हणालाच, तर चरणजित सिंग यांचं नाव काढा. मुंबईत हिंदी सिनेमासाठी वाजवणारे हे कलाकार. १९८२ साली त्यांनी रोलंडचा ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर, टीबी-३०३ हे बेसचं आणि टीआर-८०८ हे ठेक्याचं यंत्र घेऊन दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवले, एचएमव्हीने रेकॉर्ड काढली, ती चालली नाही. ३०३ हे यंत्र मुळात एकट्या गिटारवाल्याला बेसची साथ मिळावी म्हणून काढलेलं. त्या कामाला ते पडलं, सेकंडहँडमध्ये स्वस्तात मिळू लागलं, आणि १९८७ साली शिकागोच्या फ्यूचर या गटाने त्याच्या खुंट्या पिळून जो आवाज काढला त्याला अॅसिड हाऊस नाव पडलं. सिंग यांची रेकॉर्ड २०१० साली पुन्हा निघाली तेव्हा जगभरच्या लोकांनी कान टवकारले. मात्र 'अॅसिड हाऊस आपणच शोधलं' अशी व्हॉट्सअॅपी बढाई मारू नका. दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या घडल्या. त्या यंत्रातली एका सुरावरून दुसऱ्यावर घसरायची सोय रागाच्या मींडेला सोयीची पडली, एवढंच म्हणा, आणि तेवढं पुरेसं आहे.

इतकं होऊनही तो ऐकायच्या मूडमध्ये असेल तर खरा उपाय म्हणजे त्याचाच पखवाज. लॅपटॉपवर एफएल स्टुडिओ या संगीत बनवायच्या सॉफ्टवेअरची मोफत चाचणी आवृत्ती घ्या. लय १२०. त्याच्या कानात क्लिक (लय दाखवणारी टिकटिक) द्या आणि भजनी ठेक्याची सात-आठ आवर्तनं रेकॉर्ड करा. क्लिक लागतेच, कारण भजनात लय चढत जाणं हा गुण आहे आणि इथे तोच दोष ठरतो. हेडफोन ब्लूटूथचा नको, त्याचा आवाज दीड-दोनशे मिलिसेकंद उशिरा येतो आणि चांगला वादकही लयीबाहेर गेल्यासारखा वाटतो. माइक दोन फुटांवर, शाईच्या बाजूला किंचित कललेला. धुमेच्या अगदी तोंडाशी ठेवला तर बाकी काही ऐकूच येत नाही. सगळ्यात स्वच्छ एक आवर्तन निवडून थाप जिथे सुरू होते तिथेच कापा. पुढे वीस-तीस मिलिसेकंदांची शांतता राहिली तर किक आणि पखवाज 'फडक' असे दोनदा पडल्यासारखे वाजतात.

पखवाजाच्या ट्रॅकवर १२० हर्ट्झच्या खालचं कापा, नाहीतर धुम आणि किक एकाच खोलीत भांडतात. त्याला वाईट वाटेल, वाटू द्या. खालची जागा आता किकची. किक मंडळाच्या पट्टीत लावा. काळी एक असेल तर खालचा षड्ज ३४.६ हर्ट्झवर जातो, तो साध्या स्पीकरला झेपत नाही, वरचा ६९.३ किकला जरा उथळ. मधला पंचम ५१.९, तो घ्या. मग पेटीचा किंवा तंबोऱ्याचा एक लांब सूर खाली धरा आणि त्याला किकशी साइडचेन करा: किक पडली की सूर चार ते सहा डेसिबल दबला पाहिजे आणि साधारण २०० मिलिसेकंदांत परत वर आला पाहिजे. १२० बीपीएमला अर्धा ठोका २५० मिलिसेकंदांचा, म्हणजे हाय-हॅटच्या आधी सूर जागेवर येतो आणि सगळं श्वास घेतल्यासारखं हलायला लागतं. परत यायला उशीर ठेवला तर सूर कायम बसलेलाच राहतो. फार लवकर ठेवला तर नुसती कटकट ऐकू येते.

चाचणी आवृत्तीत फाइल सेव्ह होते, पण विकत घेतल्याशिवाय पुन्हा उघडत नाही. त्यामुळे हे एका बैठकीत पूर्ण करा आणि उठण्याआधी वेव्ह फाइल काढून मित्राच्या मोबाइलमध्ये टाका. सोबत कापलेला मूळ पखवाजही वेगळा द्या, तो मागणार आहे.